मांडे कोणाच्या पाठीवर?

ज्ञानोबारायांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले ही कथा ज्याने ऐकली नाही असा वारकरी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. विसोबा चाटीने कुंभारांस दटावले की या संन्याशाच्या पोरांस खापर म्हणून देऊ नका. मुक्ताई रिकाम्या हाताने, डोळे पुशीत घरी आली. तेव्हा ज्ञानोबांनी योगबळाने जठराग्नी प्रदीप्त केला, पाठ तव्यासारखी लाल झाली आणि त्या पाठीवर बहिणीने मांडे भाजून घेतले. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात ती योगाचे सामर्थ्य दाखविण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमचे लक्ष अलीकडे वारंवार तिच्याकडेच जाते. भूक घरची होती आणि विस्तवही घरच्याच अंगातून निघाला. शेजाऱ्याची पाठ कोणी मागितली नाही. ज्याने इतका छळ मांडला त्या विसोबाचीसुद्धा नाही!

आता आपल्या घरचे मांडे कोणाच्या पाठीवर भाजले जातात, असे आम्ही विचारले तर वाचक म्हणतील, हे काय भलतेच? म्हणून जरा खुलासेवार सांगतो.

जळगावाहून मुक्ताईनगरास पायी जाणारी मंडळी भुसावळ सोडून वरणगावच्या वाटेला लागली की दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. नाव किती गोड, दीपनगर! १९६८ साली येथे कोळशावर वीज काढणारा पहिला संच सुरू झाला, तो ६२.५ मेगावॉटचा होता. १९७९ आणि १९८२ साली २१० मेगावॉटचे दोन संच आले, २०१२ नंतर ५०० मेगावॉटचे दोन, आणि अलीकडे ६६० मेगावॉटचा आणखी एक. जुने थकून बंद पडत गेले, नवे उभे राहिले. लागणारे पाणी हतनूर धरणाचे, म्हणजे तापीमाईचे. ज्या तापीकाठी, मेहुणच्या परिसरात, शके १२१९ मध्ये मुक्ताई विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असे आपण मानतो, त्याच तापीचे पाणी उकळून आज वीज काढतात. यातून काही सिद्ध करावयाचे नाही. पण त्या वाटेने जाताना हे मनात आल्यावाचून राहत नाही.

वीज निघते कशी? कोळसा गिरणीत दळून त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करतात, ते भट्टीत फुंकून जाळतात, त्या आचेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर चक्र फिरते. एक युनिट वीज काढावयाची तर साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. पाचशे मेगावॉटचा एकच संच दिवसभर पुऱ्या ताकदीने चालला तर सात-आठ हजार टन, म्हणजे भरलेल्या दोन मालगाड्या एका दिवसात फस्त. आणि आपल्या देशातला कोळसा फार राखेचा आहे हो. शंभर किलो जाळले की तीस ते चाळीस किलो राख मागे उरते. ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते की भांडी घासली आणि संपली. ती पिठाहून बारीक. चिमणीत बसविलेली यंत्रे तिचा बहुतेक भाग पकडतात. पकडलेल्या राखेपैकी काही सिमेंटकडे, विटांकडे जाते आणि उरलेली पाण्यात कालवून नळांवाटे लांबच्या तळ्यात सोडतात. दीपनगरच्या राखेचे तळे वेल्हाळे गावाकडे आहे.

तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कमळे आणि बगळे येतात. हे तळे पावसाळ्यात चिखलाचे आणि वैशाखात पांढऱ्या धुळीचे. खानदेशातला उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो आणि दुपारी वावटळ उठते. ती वावटळ वाळलेल्या राखेवरून गेली की काय होते याची कल्पना घरी बसूनही करता येईल. राख वाहून नेणारी वाहने वाटेने सांडत जातात ती वेगळीच. केळीच्या पानावर, कपाशीच्या बोंडावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, उघड्या माठावर ती बसते. तिच्यातला अगदी सूक्ष्म भाग श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन राहतो आणि बाहेर पडत नाही. राखेत थोडे शिसे, थोडा सोमल, थोडा पारा, असे जे कोळशाबरोबर जमिनीतून आलेले असते तेही राहते आणि तळ्याचा तळ पक्का नसेल तर हळूहळू विहिरीच्या पाण्यात उतरू शकते. बांध फुटला तर पुढचे विचारूच नका. १६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे लोंढे शेतांतून, ओढ्यांतून पुढे नदीत गेले.

ही झाली जळल्यानंतरची गोष्ट. जळण्याआधी कोळसा कोठे असतो? पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची अरण्ये जमिनीत गाडली गेली त्यांचा तो देह. दीपनगरला येणारा बराचसा कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यातला आहे. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूर ही तिकडची गावे. कपाशीची काळी जमीन उकलून शेकडो हात खोल खड्डे केले आहेत आणि उपसलेल्या मातीचे डोंगर गावाच्या उशाशी रचले आहेत. खाणीतल्या माणसाच्या छातीत कोळशाची धूळ थरावर थर बसत जाते. आणि केव्हातरी खाणच कोसळते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादकडील चासनाला येथे खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार जागच्या जागी बुडाले. त्या दिवशीही देशातले दिवे नेहमीसारखेच लागले असतील.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाही तर लिहिणे एकतर्फी होईल. वीज वाईट, जुने दिवस चांगले, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. जुने दिवस कोणासाठी चांगले होते? पहाटे तीनला उठून जात्यावर बसणारीसाठी नव्हे. जात्यावरच्या ओव्या गोड वाटतात त्या ऐकणाऱ्यास. दळणारीच्या दंडाला विचारा. चुलीच्या धुराने आपल्या आयाबहिणींचे डोळे गेले, छातीचे भाते झाले, त्यावर कोणी लेख लिहिले नाहीत. विहिरीवर मोट हाकणाऱ्याचे, कंदिलाच्या काजळीत अभ्यास करणाऱ्या पोराचे, अंधारात अडलेल्या बाळंतिणीचे दुःख विजेने हलके केले आहे. खानदेशचा शेतकरी आजही विजेच्या पाळीसाठी रात्री-अपरात्री शेतात जातो, विंचूकाट्याची पर्वा न करता पाणी भरतो. त्याला जाऊन कोणी सांगावे की वीज हा मोह आहे? आम्ही तरी सांगणार नाही. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश अजून कोळशाची आहे. दीपनगरच्या पगारावर कित्येक घरांच्या चुली पेटतात, त्यांत माळकरी घरेही असतील. उद्या सकाळी भट्ट्या विझवा म्हणणे सोपे आहे, आणि ते बहुधा ज्याच्या घरी दोन-दोन बॅटऱ्या आहेत तोच म्हणतो.

तेव्हा प्रश्न वीज हवी की नको असा नाहीच. सुख सगळ्यांचे आणि राख मात्र ठरावीक चार गावांची, ही वाटणी कोणी केली, आणि ती आपण निमूट का घेतली, हा प्रश्न आहे.

यावर पहिले उत्तर आपल्याच मंडळींकडून येते. ज्याचे त्याचे प्रारब्ध, म्हणतात. वेल्हाळ्यात जन्म घेणे हे ज्याच्या नशिबी आले त्याने ते भोगावे. आमचे म्हणणे असे की प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या दुःखासाठी राखून ठेवावा. आपले दुःख सोसताना तो धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखाला तोच शब्द लावला की त्याची कडी होते आणि दार आतून बंद होते. संतांनी आपल्या वाट्यास आलेला छळ निमूट सोसला, पण तहानेने तडफडणारे गाढव पाहून, त्याचे प्रारब्ध, असे नाथमहाराज म्हणाले नाहीत. रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड त्यांनी तेथेच त्याच्या तोंडात रिती केली. ते गाढव कोणत्या कर्माने त्या वाळवंटात येऊन पडले याचा विचार करीत ते उभे राहिले असते तर आज आपण त्यांची षष्ठी केली नसती.

दुसरे उत्तर अधिक सुशिक्षित आहे. देशाच्या भल्यासाठी कोणीतरी त्याग करावाच लागतो, असे ते उत्तर. शब्द मोठा आहे म्हणून जरा थांबून पाहू. त्याग म्हणजे आपले आपण सोडणे. सोडणाऱ्याच्या हातात ते होते, त्याला धरून ठेवता येत होते, आणि त्याने सोडले, तर तो त्याग. ज्ञानोबांनी पाठ दिली तो त्याग. पण कोणी मला पालथे पाडून माझ्या पाठीवर मांडे भाजले आणि वर म्हणाले की काय तुमचा त्याग हो, तर त्यास काय म्हणावे?

धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईच्याजवळ ३,३०० मेगावॉटचे कोळशाचे वीजकेंद्र उभारावयाचे ठरले होते. त्यासाठी २००९ पासून विखरण, मेथी या भागातल्या जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन त्यात गेली. जमिनीत आंब्याची झाडे होती. मोबदला सुमारे चार लाख रुपये मिळाला. शेजारच्या जमिनीला त्याच्या कित्येक पटींनी मिळाला. झाडे मोजलीच गेली नाहीत, हिशेब पुन्हा करा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यासाठी ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिले. वय ऐंशीच्या पुढे. २२ जानेवारी २०१८ रोजी ते मुंबईस मंत्रालयात गेले आणि तेथेच त्यांनी आयुष्य संपविण्याचे पाऊल उचलले. २८ जानेवारीस जे. जे. रुग्णालयात त्यांचे प्राण गेले. मग हिशेब पुन्हा झाला, आणि रक्कम पन्नास लाखांच्या वर निघाली. झाडे होतीच. कागदावर यावयाची राहिली होती.

आणि ज्या केंद्रासाठी हे सगळे झाले ते कोळशाचे केंद्र तेथे झालेच नाही. त्या जागी सूर्याच्या उन्हावर वीज काढावयाचे ठरले. ज्याचा त्याग म्हणून गौरव करावयाचा, त्याच्या आंब्याची गणतीसुद्धा करावयास सवड नव्हती. मग त्या त्यागाची देशास खरोखर गरज होती की नाही हे तरी कोणी पाहिले असेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. अशा घेण्याला मराठीत वेगळा शब्द आहे, तो वाचकांस माहीत आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. राख वाया न घालविता वापरावी असा पहिला हुकूम १९९९ साली निघाला. चिमणीतून निघणाऱ्या गंधकाच्या विषारी वायूस आळा घालणारे नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाले आणि दोन वर्षांत यंत्रे बसवावी असे ठरले. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणखी एकदा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रांतून सूटच मिळाली. यंत्रे महाग आहेत, विजेचा दर वाढेल, असे कारण सांगतात. कारण खोटे नाही. पण त्याचा अर्थ नीट समजून घेऊ या. आपले बिल युनिटामागे काही पैशांनी कमी राहावे म्हणून तो वायू कोणाच्या तरी छातीने झेलावयाचा आहे. ते पैसे वाचले नाहीत. दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकले गेले. मारवाड्याची चोपडी सुद्धा इतकी सफाईदार नसते.

हेच जगाच्या पातळीवर पाहावे. विजेचे कोळशाचे सार्वजनिक केंद्र लंडन शहरात १८८२ साली निघाले. डिसेंबर १९५२ मध्ये त्याच शहरात कोळशाच्या धुराने चार-पाच दिवस दाट काळोख पडला आणि हजारो माणसे गुदमरून मेली, तेव्हा तेथील लोकांचे डोळे उघडले. शेवटचे कोळशाचे केंद्र इंग्लंडने ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. जवळजवळ दीडशे वर्षे त्यांचे मांडे भाजून झाले. पण एका युनिटामागे जवळजवळ एक किलो अंगारवायू हवेत जातो तो चिमणी विझली म्हणून परत येत नाही. तो शेकडो वर्षे वर राहतो आणि पृथ्वीला गोधडीसारखा गुरफटून टाकतो. हवा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. तेव्हा तिकडच्या धुराची ऊब इकडच्या उन्हात मिसळते, आणि ज्येष्ठात कोथळीहून निघून महिन्याहून अधिक काळ चालणाऱ्या मुक्ताईच्या पालखीतल्या म्हाताऱ्यांच्या माथ्यावर ती पडते. आता त्यात दीपनगरची आणि चंद्रपूरचीही भर आहे, हे मात्र विसरू नये. त्यांनी केले म्हणून आम्हीही करणार, असे पोरे म्हणतात.

मग उन्हाची वीज घेतली की झाले, असे कोणास वाटेल. धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ साली १२५ मेगावॉटचे सौर केंद्र सुरू झाले. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. राख नाही, धूर नाही. आम्हांस त्याचा आनंद आहे आणि तिकडेच जावे असे आमचे मत आहे. पण पठारे रिकामी नव्हती. तेथे आदिवासी बांधव जमिनी कसत होते, गुरे चारीत होते, आणि पवनचक्क्यांच्या जागांवरून त्यांचे तंटे झालेच. सूर्यनारायण निर्दोष आहे, पण त्याला पकडण्यासाठी पाट्या अंथरावयाच्या त्या कोणाच्या वावरात? पाठ बदलली, मांडे तेच, असे होऊ नये एवढे पाहिले पाहिजे. विखरणचा प्रश्न कोळसा रद्द झाल्याने सुटला नाही हे याचे उदाहरण आहे.

आता आपल्या दारात येऊ. हरिनाम सप्ताहाचा मंडप हल्ली कसा असतो ते वाचकांनी पाहिले आहे. कमानीवर माळा, कळसावर माळा, दोन्ही बाजूंस मोठे दिवे, आणि ध्वनिक्षेपक असा की तिसऱ्या गावच्या महाराजांना आपले कीर्तन थांबवावे लागते. या सगळ्यास समजा दहा किलोवॉट वीज लागली आणि ती रोज दहा तास चालली, तर सात दिवसांत सातशे युनिटे झाली. म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास कोळसा. म्हणजे दीड क्विंटलाहून अधिक राख. दीड क्विंटल म्हणजे तीन पोती भरतात! सप्ताह संपल्यावर आपण काल्याचा प्रसाद वाटतो. ही तीन पोती ज्याच्या वाट्यास जातात त्याला आपण बोलावले होते काय? गावजेवणाच्या पंगतीत एक पान वाढावयाचे राहिले तर सारा गाव हळहळतो. येथे ज्याला राखच वाढली त्याचे नावही ठाऊक नाही.

माळा लावूच नयेत काय, असे एक तरुण विश्वस्त विचारतील. भाऊ, कमी लावाव्यात. नामदेवरायांच्या कीर्तनास विजेच्या माळा नव्हत्या आणि तरी पांडुरंग नाचले असे आपण सांगतो. जी वीज शेतीच्या पाण्यास, दवाखान्यास, पोरांच्या अभ्यासास लागते ती आणि कळसाभोवती रात्रभर उघडझाप करणारी, यांत फरक करण्याइतका विवेक माळकऱ्याजवळ असावा. एकादशीस आपण अन्न सोडतो ते अन्न वाईट म्हणून सोडीत नाही. वाचलेल्या पैशांतून देवळाच्या धाब्यावर उन्हाच्या विजेच्या पाट्या बसल्या तर फारच उत्तम. ती जागा देवाची स्वतःची आहे, कोणाचे वावर नाही.

परंतु एवढ्याने आमचे समाधान नाही. माळा काढल्याने वेल्हाळ्याची वावटळ थांबत नाही. राखेवर पाणी मारणे, तिच्यावर माती टाकून झाडे लावणे, राखेची वाहने झाकून नेणे, विहिरींचे पाणी वरचेवर तपासून निकाल गावच्या फळ्यावर लावणे, या काही मोक्षाच्या गोष्टी नाहीत, करता येण्यासारख्या आहेत. त्या त्या गावच्या लोकांनी मागितल्या तर ते रडगाणे ठरते. दहा गावच्या दिंड्यांनी त्यांच्या बाजूने उभे राहून मागितल्या तर ऐकणारास कान द्यावा लागेल. आमच्या खानदेशास याची सवय नाही असेही नाही. अमळनेरास ज्यांनी मुले शिकविली त्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडले. ज्यांना दार बंद नव्हते अशांतलेच ते एक होते.

पण उभे राहण्याआधी पाहिले तर पाहिजे. आमची एक सूचना आहे. भुसावळ, यावल, जामनेर या बाजूंनी मुक्ताईनगरास जाणाऱ्या लहान दिंड्या पुष्कळ आहेत. त्यांनी पुढच्या खेपेस एक मुक्काम राखेच्या तळ्यालगतच्या गावी ठेवावा. भाषण करू नये, चौकशीची वही काढू नये. हरिपाठ म्हणावा, पिठलेभाकर खावी, तेथेच निजावे. रात्री कोणाच्या घरातून खोकल्याचा आवाज येतो, सकाळी अंथरुणावर काय बसलेले असते, बाया पाणी कोठून आणतात, हे मुक्कामात आपोआप कळते. ज्या विणेकऱ्यांस हे पटेल त्यांनी मुक्कामांची यादी ठरण्याआधीच त्या गावच्या मंडळींस निरोप पाठवावा, आणि पंगतीचे पाणी आपणच बरोबर न्यावे काय, तेही विचारून घ्यावे.